काल्पनिक जगाचा इतिहास: तिथल्या माणसांना तो कुठून कळतो?

निळी_शाई
चार वर्षं एका फँटसी कादंबरीवर काम करतेय. नकाशे झाले, राजवंश झाले, तीन हजार वर्षांचा कालपट झाला, कुठली लढाई कधी झाली, कुठल्या राणीने कुठलं शहर वसवलं, सगळं एका फाइलमध्ये आहे. पण कादंबरीत तो इतिहास आला की ते पान मरतं. पात्रं बोलता बोलता थांबतात आणि दीड पान माहिती देतात, मग परत बोलायला लागतात.

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीला सहा प्रकरणं वाचायला दिली. तिने एका ठिकाणी समासात एवढंच लिहिलं, "हे या बाईला कुठून कळलं?" बाई म्हणजे माझ्या कथेतली होडी वल्हवणारी, आणि ती आठशे वर्षांपूर्वीच्या वेढ्याबद्दल बोलत होती, अगदी महिने मोजून. मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा लक्षात आलं की माझ्या जगात इतिहास भरपूर आहे पण तो सांभाळणारं माणूसच नाही. ना कोणी वंशावळ म्हणणारा, ना कोणी नोंद करणारा, ना कोणी गाणं म्हणून फिरणारी.

तर विचारायचं हे की तुम्ही लिहिताना अशी माणसं कशी उभी करता? खऱ्या जगातल्या कथेकऱ्यांचा, इतिहास लिहिणाऱ्यांचा अभ्यास करता का, आणि केलात तर त्यातलं किती उचलता? माझं मत आता असं होत चाललंय की आधी सांभाळणारा ठरवावा, इतिहास मागून आपोआप आकार घेतो. चुकत असेन तर सांगा.

काजवा
वाचतेय. समासातलं वाक्य जबरदस्त आहे, मी ते माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

आडवाट
खरं जग बघाच. मी उदाहरणच देतो, कोरियाच्या जोसॉन राज्याचं. १३९२ ते १८६३ अशी ४७२ वर्षांची, २५ राजांची सलग नोंद त्यांनी ठेवली. दरबारात इतिहासकार हजर असायचे, राजा काय बोलला काय केला सगळं टिपायचे, आणि ते टिपण राजाला वाचायची परवानगी नव्हती. राजा वारला की मग त्या टिपणांवरून त्याच्या कारकिर्दीचा ग्रंथ करायचे आणि कच्चे मसुदे ओढ्यावर नेऊन धुऊन टाकायचे, शाई गेली की कागद पुन्हा वापरायला मोकळा आणि कोणी काय लिहिलं होतं त्याचा पुरावाही नाही.

१४०४ मध्ये तेजोंग नावाचा राजा शिकारीत घोड्यावरून पडला. लागलं नाही त्याला. उठल्याबरोबर इकडे तिकडे बघून म्हणाला, इतिहासकाराला कळू देऊ नका. हे आपल्याला कसं माहीत? इतिहासकाराने तेही लिहून ठेवलं म्हणून!

आता यातून कथा बघा किती निघतात. राजाला वाचता येत नाही असा ग्रंथ, तो वाचायची इच्छा असलेला राजा, मसुदा धुवायला नेणारा कारकून, त्याने एक पान न धुता ठेवलं तर... कालपटातल्या पन्नास लढायांत एवढा दम नाही.

काजवा
घोड्यावरून पडलेल्या राजासाठी मला फार वाईट वाटलं. सहाशे वर्षं झाली तरी बिचारा पडतोच आहे.

गारगोटी
धाग्यातलं शेवटचं मत मला पटलं नाही. सांभाळणारा आधी आणि इतिहास नंतर हे ऐकायला छान आहे पण लेखकाला स्वतःला खरं काय घडलं ते पक्कं माहीत नसेल तर तीन पात्रं तीन गोष्टी सांगतील आणि शेवटी वाचकाच्या हातात काहीच राहणार नाही. मी असं एक हस्तलिखित वाचलंय, सगळं धुकं. कोणी म्हणतं राजा मेला, कोणी म्हणतं पळाला, लेखकाला विचारलं तर म्हणतो वाचकाने ठरवावं. नाही हो! वाचकाने का ठरवावं, त्याने पुस्तक विश्वासाने हातात घेतलंय.

तुमची तीन हजार वर्षांची फाइल वाया गेलेली नाही. ती ठेवा, फक्त कादंबरीत ओतू नका.

रात्रपाळी
मी लिहीत नाही, पण सात वर्षं मित्रांबरोबर भूमिका घेऊन खेळायचे खेळ चालवतो, म्हणजे जग माझं आणि पात्रं त्यांची. तिथे निळी_शाई यांचा प्रश्न दर आठवड्याला येतो कारण खेळाडू थेट विचारतात, "हे आम्हाला कोण सांगू शकेल?" आणि मग मला तिथल्या तिथे माणूस उभा करावा लागतो.

एकदा एका पडक्या बुरुजाचा इतिहास हवा होता. मी पूर्वी लांबलचक पत्र वाचायला द्यायचो, कोणी लक्ष देत नसे. त्या दिवशी त्याऐवजी एक आंधळी म्हातारी दिली, तिला बुरुज बांधणाऱ्यांची नावं पाठ, पण एका क्रमाने. मधूनच विचारलं तर सांगता यायचं नाही, पहिल्यापासून म्हणायला लागायची, आणि खेळाडूंच्या मागावर तर सैनिक होते. अर्धा तास सगळे श्वास रोखून एक यादी ऐकत बसले होते, यादी! नुसती नावं! कारण त्यातलं एक नाव त्यांना हवं होतं आणि ते कधी येईल माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी आधी हे ठरवतो की माहिती कुठल्या रूपात आहे आणि ती काढायला त्रास काय पडतो.

निळी_शाई
रात्रपाळी, हे वाचून अंगावर काटा आला. एका क्रमानेच आठवणं हे मला सुचलंच नसतं.

गारगोटी, मान्य, फाइल ठेवतेच. पण मला खरी अडचण ही वाटते की माझी फाइल फार पूर्ण आहे. कुठे भोक नाही. खऱ्या इतिहासात एवढं सगळं कोणालाच माहीत नसतं ना.

पोथीबंद
भोकं कशी पडतात याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण सांगते. उत्तर घानात गोंजा नावाचं राज्य. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली स्थापनेची कथा लिहून घेतली गेली, तेव्हा राज्याचे सात विभाग होते आणि कथेत मूळ पुरुष जाक्पा याला सात मुलगे होते, एकेकाने एकेक विभाग घेतला. मग दोन विभाग नाहीसे झाले. साधारण साठ वर्षांनी कथा पुन्हा नोंदवली तेव्हा जाक्पाला पाच मुलगे! कोणी मुद्दाम खोटं बोललेलं नाही. ज्या मुलांचं आज काही उरलं नाही त्यांची आठवण ठेवायला कारण उरलं नाही, एवढंच.

नायजेरियातल्या तिव लोकांचंही असंच. इंग्रज अधिकाऱ्यांनी कोर्टकचेरीच्या सोयीसाठी त्यांच्या वंशावळी उतरवून घेतल्या. चाळीस वर्षांनी तिव म्हणायला लागले की कागदावरची वंशावळ चुकीची आहे, अधिकारी म्हणायचे तुमच्याच वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आहे. दोघंही मनापासून खरं बोलत होते. वंशावळ म्हणजे पूर्वी कोण होतं याची यादी असं अधिकाऱ्यांना वाटायचं, तिव लोकांसाठी ती आज कोणाचा कोणावर काय हक्क आहे याची मांडणी होती.

निळी_शाई, तुमच्या होडीवालीच्या गावाला तो वेढा आज कशासाठी लक्षात ठेवावासा वाटतो हे ठरवलंत तर ती त्यातलं काय विसरली असेल ते आपोआप कळेल.

तळटीप
पोथीबंद यांचा मुद्दा बरोबर पण यावरून तोंडी परंपरा म्हणजे बदलणारच असा समज होऊ नये म्हणून लिहितो. बदलू नये म्हणून यंत्रणा उभी केली तर तोंडी गोष्ट फार घट्ट राहते. वेदपठणाचंच बघा. संहिता सरळ म्हणायची, मग पदं सुटी करून, मग क्रम, जटा, घन. घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन असे शब्द पुढेमागे फिरवतात. एक शब्द गळला किंवा सरकला तर साखळी तिथेच अडखळते. म्हणजे तपासणी पाठांतरातच विणलेली आहे.

दुसरं आइसलँडचं. ९३० च्या सुमारास त्यांची लोकसभा सुरू झाली, राजा नाही, सुरुवातीला लेखी कायदाही नाही. कायदा सांगणारा एक माणूस तीन वर्षांसाठी निवडायचे आणि त्याने दरवर्षी एक तृतीयांश कायदा खडकावर उभं राहून सगळ्यांसमोर म्हणायचा, म्हणजे तीन वर्षांत पूर्ण. १११७-१८ च्या हिवाळ्यात कायदा लिहायला घेतला तोपर्यंत मुख्य भिस्त याच्यावर. ऐकणाऱ्यांत जाणकार असायचे, चूक झाली तर ती सगळ्या गर्दीसमोर व्हायची.

म्हणून लेखकाने विचारावं की चूक झाली तर ती पकडणारं कोण आहे. पकडणारं कोणी नसेल तर गोष्ट वाहत जाते.

बोरू
तळटीप +१. आणि यात एक गंमत अशी की सांगणाऱ्याला स्वतःला ती बदलतेय असं वाटतच नाही. मिलमन पॅरी नावाचा अमेरिकन अभ्यासक १९३३ ते ३५ युगोस्लाव्हियात गुस्ले नावाचं तंतुवाद्य वाजवून वीरगाथा गाणाऱ्यांच्या गाथा ध्वनिमुद्रित करत होता. गायक छातीठोक सांगायचे की आम्ही शब्दन् शब्द तोच गातो. ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकली तर दर वेळी वेगळं. त्यांच्या लेखी 'तोच शब्द' म्हणजे तीच गोष्ट, तेच प्रसंग, तीच खरी माणसं. त्यातला आव्दो मेजेदोविच, याला लिहिता वाचता येत नव्हतं, त्याने दुसऱ्या गायकाचं गीत एकदा ऐकलं आणि लगेच स्वतः गायलं तर ते जवळजवळ तिप्पट लांब झालं!

एका पात्राला हे द्या ना. प्रामाणिकपणे म्हणेल मी एक अक्षर बदललं नाही, आणि वाचकाने दोन प्रकरणांपूर्वी वेगळं ऐकलेलं असेल.

गारगोटी
बोरू, हे आवडलं. पण बघा, वाचकाने आधीचं ऐकलेलं असेल तरच ती गंमत कळते. म्हणजे लेखकाला मूळ माहीत हवंच. माझा मुद्दा कायम.

पोथीबंद
तुमचा मुद्दा कायम राहू दे, आमचं त्याच्याशी भांडण नाहीच. लेखकाने जाणावं, पण पात्राने सगळं जाणू नये.

काजवा
अवांतर होईल पण विचारतेच. सगळे सांभाळणारे एकदम मेले तर काय होतं? माझ्या कथेत तसंच आहे, साथ येते आणि लिपी वाचू शकणारे संपतात, वस्तू मात्र राहतात.

आडवाट
काजवा, प्रशांत महासागरातलं ईस्टर बेट. तिथे लाकडावर कोरलेली रोंगोरोंगो नावाची चिन्हं आहेत. १८६२ मध्ये पेरूच्या गुलाम पकडणाऱ्या जहाजांनी बेटावरची माणसं नेली, त्यात जाणकारही गेले, जे थोडे परत आले त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. थोड्याच वर्षांत ते खात्रीने वाचू शकेल असं कोणी राहिलं नाही. आज दोनेक डझन वस्तू उरल्यात आणि त्या अजून वाचता आलेल्या नाहीत.

दक्षिण अमेरिकेतल्या इंकांच्या गाठी मारलेल्या दोऱ्या, किपू, त्यांचं अर्धंच झालं असं म्हणता येईल. आकडे वाचता येतात, गाठीच्या जागेवरून एकक दशक शतक कळतं. पण काही किपूंमध्ये आकड्यांपलीकडचं काही, कदाचित कथाही, असावं असं मानतात आणि ते बंदच आहे. दोऱ्या सांभाळणाऱ्यांना किपुकामायोक म्हणायचे. किपू हातात घेऊन ते बोलायचे, दोरी आणि माणूस मिळून नोंद पूर्ण होई. एक गेलं की दुसरं मुकं.

तुमच्या कथेत साथीनंतर एखादं मूल असेल का, ज्याला फक्त आकडे शिकवून झाले होते?

काजवा
आडवाट, हे मूल मी घेतलं. कथेत नाव तुम्ही सुचवा.

रात्रपाळी
या दोऱ्यांवरून माझं पुढच्या आठवड्याचं सत्र तयार झालं, धन्यवाद.

सरमिसळ
सगळं वाचलं, आता थोडं वेगळं बोलते. मी तीन वर्षं मौखिक कथा ध्वनिमुद्रित करायचं काम केलंय, त्यामुळे या चर्चेतली 'उचलणे' ही क्रिया मला टोचते.

एक आजी होत्या, त्यांच्याकडे मी अकरा वेळा गेले. पहिल्या चार भेटींत त्यांनी मला लहान मुलांच्या गोष्टी सांगितल्या. मला वाटलं एवढंच येतं यांना. पाचव्या भेटीत त्यांनी मला विचारलं की मागच्या वेळी सांगितलेली गोष्ट तू कोणाला सांगितलीस आणि कशी सांगितलीस, म्हणून दाखव. मी म्हटली. त्यांनी तीन ठिकाणी थांबवलं. त्यानंतर मोठ्या गोष्टी सुरू झाल्या. म्हणजे परीक्षा माझी चालू होती आणि मला वाटत होतं अभ्यास मी करतेय. एक गोष्ट सांगताना मात्र त्यांनी मशीन बंद करायला लावलं. ती मी आजवर कुठे लिहिलेली नाही आणि लिहिणार नाही. जगात अशा कितीतरी परंपरा आहेत, काही गोष्टी फक्त हिवाळ्यातच सांगायच्या, काही फक्त बायकांत, काही दीक्षा झालेल्यांनाच.

आणि एक तक्रार मनात आहेच. ती ध्वनिमुद्रणं जिथे जमा झाली तिथल्या सूचीत माझं नाव आहे, गावाचं नाव आहे, आजींचं नाव नाही. मी दोनदा पत्र लिहिलं.

म्हणून निळी_शाई, कोणाचे विधी, पोशाख, देव जसेच्या तसे उचलू नका. घ्यायचं असेल तर कारण घ्या, बंधन घ्या. राजाने वाचू नये हे बंधन आहे, ते कुठल्याही जगात वेगळ्या रूपात जन्मू शकतं. शिष्याने गोष्ट परत म्हणून दाखवल्याशिवाय पुढची मिळत नाही हेही बंधनच. पण कोणाची मशीन बंद करून सांगितलेली गोष्ट तुमच्या हाती लागली तर ती तुमची नाही.

आणि जमलं तर एखाद्या सांगणाऱ्या माणसाकडे खरंच जाऊन बसा. पुस्तकात गोष्ट मिळते पण ती सांगताना माणूस कुठे पाणी पितो ते मिळत नाही, आणि पाणी पिण्याची जागा गोष्टीतच ठरलेली असते.

पोथीबंद
सरमिसळ, दोनदा वाचला प्रतिसाद. सूचीत आजींचं नाव यायलाच हवं.

तळटीप
सरमिसळ यांच्या बोलण्याला धरून: गोळा करणारा हाही सांभाळणाऱ्यांतलाच एक असतो आणि त्याचा हात गोष्टीवर उमटतो. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या, देवांबद्दल जे आपण जाणतो त्यातलं बरंचसं स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या माणसाने १२२० च्या सुमारास लिहिलं, म्हणजे देश ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षं उलटल्यावर, आणि त्याचा हेतू तरुण कवींना जुनी रूपकं समजावीत हा होता. तो देवांना आशियातून आलेली माणसं ठरवतो. जे रूपकाला लागत नव्हतं त्यातलं किती सुटलं असेल! फिनलंडचा ल्योनरोट पेशाने डॉक्टर, त्याने पायी हिंडून गाणी जमवली आणि १८३५ व १८४९ मध्ये ती एका सलग महाकाव्यात गुंफली. गाणी लोकांची, गुंफण त्याची.

आपल्याकडे तर महाभारतातच ही सांगण्याची उतरंड बांधलेली आहे. नैमिषारण्यात सौती शौनकादी ऋषींना सांगतोय, काय, तर वैशंपायनाने जनमेजयाला सर्पसत्रात सांगितलेलं, तेही व्यासांचं. आणि जनमेजय ऐकतोय ते स्वतःच्याच खापरपणज्याचं, पणज्याचं. ऐकणारा त्याच घरातला आहे म्हटल्यावर सांगणाऱ्याला प्रत्येक वाक्य तोलावं लागणार. फँटसी लिहिणाऱ्याने याहून चांगली चौकट दुसरीकडे कशाला शोधावी?

आडवाट
सांभाळणाऱ्याने किंमत काय मोजली हेही विसरू नका. इसवीसनपूर्व ५४८, चीनमधलं छी राज्य. त्स्वी चू या मंत्र्याने राजाला मारवलं. दरबारी इतिहासकाराने लिहिलं, त्स्वी चूने आपल्या राजाचा वध केला. मंत्र्याने त्याला ठार केलं. धाकट्या भावाने तेच वाक्य लिहिलं, तोही गेला. आणखी एक भाऊ, तोही. त्यानंतरच्या भावाने पुन्हा तेच लिहिलं आणि मंत्र्याने हात टेकले. दक्षिणेचा एक इतिहासकार सगळे भाऊ मेल्याचं ऐकून बांबूच्या पट्ट्या घेऊन निघाला होता, वाटेत कळलं की नोंद झाली, मग तो घरी परत गेला.

मला तो परत फिरलेला माणूस कायम दिसतो.

गारगोटी
आडवाट, हे एक वाक्य लिहायला चार भाऊ लागले. माझ्या आधीच्या हट्टात थोडी भर घालतो: खरं काय घडलं ते लेखकाला माहीत हवं, कारण त्यासाठी मरायला तयार असलेलं पात्र लिहायचं असेल तर आपण गोंधळलेलं चालणार नाही.

निळी_शाई
दोन आठवडे गप्प होते कारण लिहीत होते. मूळ प्रश्नाकडे येते.

तो वेढा मी परत लिहिला. फाइलमध्ये होतं: सात महिने, धान्य संपलं, दरवाजा उघडला गेला. आता तीन जणांकडे तो आहे. कोठारातल्या बायका दोऱ्यांना गाठी मारून धान्याचा हिशेब ठेवायच्या, त्यांच्या वारसांकडे सहा दोऱ्या आहेत, चौथ्या महिन्याची नाही. दरबारातल्या ग्रंथात लिहिलंय की शत्रूने दरवाजा फोडला. आणि नदीवर वल्ही मारताना म्हणायचं एक गाणं आहे, त्यात दरवाजा आतून एका बाईने उघडला, आणि गाण्याची सात कडवी म्हणजे सात महिने. होडीवाली महिने मोजते ते कडव्यांवरून. तिला वर्ष माहीत नाही, राणीचं नाव माहीत नाही. चौथं कडवं घाट ओलांडताना कोणी म्हणत नाही, नुसती वल्ही ऐकू येतात.

सरमिसळ, ते न म्हटलेलं कडवं तुमच्यामुळे आलं. त्यात काय आहे ते मी माझ्या फाइलमध्ये लिहून ठेवलंय, गारगोटींसाठी. कादंबरीत ते शब्द येणार नाहीत.

दीड पानाची माहिती गेली आणि त्या जागी साडेचार पानांचा नदीचा प्रवास आला. मैत्रिणीला परत पाठवलंय.

गारगोटी
फाइलमध्ये लिहिलंत एवढ्याने माझं समाधान झालं. दरवाजा उघडणारी बाई कोठारातली होती का?

सरमिसळ
गारगोटी, नका विचारू. ते कडवं न म्हणण्याचं आहे.

निळी_शाई
तुम्ही विचारलंत हे मात्र मला आवडलं. दोऱ्यांच्या प्रकरणात बघा, चौथी दोरी कुठे गेली ते होडीवालीच्या मुलीला सापडणार आहे.

काजवा
म्हणजे दोरी आहे!